उपाध्यक्ष निवडायला शिकवणारे सर

प्रा. त्र्यंबक सोनवणे सरांची आणि माझी खरी ओळख मी मेल्यावर झाली. मी तेव्हा धुळ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सर आम्हाला अमेरिकेचा राज्यकारभार शिकवत. तिथला अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्ष कसा निवडतो, हा धडा ते फळ्यावर शिकवत नसत. वर्गातच निवडणूक लावत. मी उमेदवार झालो आणि हॉस्टेलचा एक कबड्डीपटू उपाध्यक्ष म्हणून घेतला, कारण हॉस्टेलची सगळी मतं त्याच्या शब्दावर पडायची. आम्ही दणक्यात निवडून आलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर माझं नाव लिहून पुढे ‘कालवश’ असं लिहिलं आणि मला शेवटच्या बाकावर बसवलं. म्हणाले, “तू मरी गया. आते बोलू नको.” मग कबड्डीपटूला टेबलापाशी उभं करून सांगितलं, “कॉलेजची टाकी तीन दिवस कोरडी आहे, प्राचार्य गावाला गेलेत. करा राज्य.” तो बिचारा तासभर माझ्याकडे बघत राहिला. तास संपल्यावर सर मला एवढंच म्हणाले, “उमेदवार उत्तरेचा असला की दक्षिणेचा जोडीदार घेतो, म्हातारा असला की तरणा घेतो. ही बेरीज सगळ्यांना जमते. आपल्यामागे खुर्चीवर कोण बसणार, हे बघायचं तेवढं राहून जातं.” मी वहीत लिहून घेतलं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला आणि मला चांगले गुण पडले.

पुढे सरांच्याच आग्रहाने मी आमच्या शिक्षणसंस्थेत प्राध्यापक झालो. सरांचं काम जवळून पाहिलं ते तिथे. पारोळ्याकडच्या खेड्यांतल्या मुली प्रवेश घेत आणि दिवाळीपर्यंत गळत. आम्ही म्हणायचो, लग्नं होतात, दुसरं काय. सर मात्र तीन दिवस धुळ्याच्या बसस्थानकावर जाऊन उभे राहिले आणि कोणती गाडी किती वाजता येते ते टिपून आणलं. मुली लग्नांमुळे गळत नव्हत्या. पहिला तास साडेसातला आणि त्यांची गाडी पावणेअकराला येत होती. सरांनी वर्षभर भांडून कला शाखेचा वर्ग अकराला आणला. त्यासाठी प्राचार्यांची बोलणी खाल्ली, सहकाऱ्यांची टिंगल सोसली. त्या अकराच्या वर्गातून शिकलेल्या मुली आज शिक्षिका आहेत, तलाठी आहेत. एक तर सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या समितीवरच आहे.

सरांचा स्वभाव असा की श्रेय कुणी विचारलं तर ते बसच्या ड्रायव्हरला देत. पण चूक दिसली की भीड ठेवत नसत. मी एकदा वशिल्याने एका मुलाची हजेरी भरली, तेव्हा सर्वांदेखत मला म्हणाले, “तू हुशार शे, म्हणीसनच मले तुनी भीती वाटस.” त्या वेळी मला राग आला होता. आज वाटतं, माणूस ओळखण्यात त्यांच्याइतकं कुणी तयार नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी संस्थेच्या अध्यक्षपदाला उभा राहिलो. आमच्याकडे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीने उभे राहतात, एका मतात दोघे. पत्रकावर दोन फोटो, प्रचाराचा नारळ एकच. माझ्याबरोबर सरच असणार, असं सगळे धरून चालले होते. सर काही बोलले नव्हते, पण त्यांनी कोट इस्त्रीला टाकल्याचं त्यांच्या पत्नीकडून, आमच्या काकूंकडून, मला नंतर कळलं.

मी रावेरकडचे एक केळीचे व्यापारी घेतले. मी धुळ्याचा, ते जळगावच्या पूर्व टोकाचे. तिकडची गठ्ठा मतं त्यांच्यामागे. बेरीज चोख होती. सरांच्या घरी जाऊन सांगायचं धैर्य मला झालं नाही. पत्रक पोस्टाने पाठवलं.

आम्ही निवडून आलो. सातव्या महिन्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि कारभार उपाध्यक्षांकडे गेला. ते वाईट गृहस्थ नाहीत. रिकामा ट्रक त्यांना बघवत नाही, एवढंच. दुपारची इमारत त्यांना अर्धी रिकामी दिसली. त्यांनी ती एका खासगी क्लासला दहा वर्षांच्या कराराने दिली आणि कला शाखा साडेसातला नेली. मी काठी टेकत बैठकीला गेलो तोवर सह्या झाल्या होत्या. मंडळातली मतंही त्यांचीच होती, तीच मतं, ज्यांच्यासाठी मी त्यांना घेतलं होतं. मी बोलायला उभा राहिलो तर एक सभासद प्रेमाने म्हणाले, “आबा, तुम्ही आराम करा. तब्येत सांभाळा.” मी खाली बसलो.

त्या जूनमध्ये पारोळ्याकडची एकही मुलगी आली नाही. पुढच्याही नाही. सरांनी जे उभं करायला उमेदीची वर्षं घातली, ते मोडायला एक बैठक पुरली, आणि ती बैठक घेणारा माणूस मी निवडला होता. गौरवलेखात असं लिहू नये, हे मला कळतं. पण सरांच्या थोरवीचा माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही: त्यांनी शिकवलं ते अक्षरशः खरं ठरलं आणि त्यांचा विद्यार्थी असून ते मी खरं करून दाखवलं.

या ग्रंथासाठी संमती मागायला गेल्या महिन्यात देवपुरात त्यांच्या घरी गेलो. सर आता काठीशिवाय उठत नाहीत, पण पेपर स्वतः वाचतात. मी पायांशी बसलो आणि सगळं बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “वर्गात तूच सगळ्यांत हुशार होतास रे.”

निघताना मी म्हणालो, “सर, शंभरी गाठायची आहे तुम्हाला.”

“मले शंभर वरीस काय कराना शेतस?” सर म्हणाले. “पारोळाकडल्या पोरी परत येवाले लागन्यात म्हणजे मले सांगजो. मी आठेच बठेल शे.” आणि बसल्या खुर्चीच्या हातावर थाप मारली.

करार संपायला अजून आठ वर्षं आहेत. सरांना निरामय दीर्घायुष्य लाभो, अशी प्रार्थना आपण सर्वजण या अमृतमहोत्सवी वर्षात करतो आहोत. मीही करतो. त्यांच्यासाठी आयुष्य मागताना मी किती वाट पाहणं मागतो आहे, ते मला ठाऊक आहे, आणि तरीही मागतो.