आधी सही बघणाऱ्या द्वारकाबाई

सरकारी कागद हातात आला की द्वारकाबाई आधी खालची सही बघायच्या. मजकूर नंतर, तोही मी वाचून दाखवायचा. पेणजवळ जोह्याच्या मूर्ती-कारखान्यात गणपतीचे डोळे आखण्यात त्यांची हयात गेली होती. मूर्ती ओळीने लावा, कुठले डोळे कुणाच्या हातचे ते बाई बोट दाखवून सांगत. "रंग कुनीबी देल भाऊ, हात लपत नाय," हे त्यांचं पालुपद.

मी निवृत्त सरकारी कारकून. पेणला घरीच लोकांचे अर्ज लिहून देतो. बाई आल्या त्या नवऱ्यासाठी. दम्याचा माणूस. रोह्याला कुठल्याशा कंपनीच्या फुकट शिबिरात गेला, तिथे त्याला नवीन औषध सुरू केलं आणि दीड महिन्यात तो गेला. औषध अजून चाचणीतलं होतं, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. बाईंना दोनच गोष्टी हव्या होत्या: त्याला काय दिलं, आणि देण्याआधी त्याला विचारलं होतं का.

अशा चाचण्यांना परवानगी देणाऱ्या खात्याकडे आम्ही माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं: माहिती त्रयस्थ पक्षाची व गोपनीय, सबब देता येत नाही.

"त्रयस्थ म्हंजी कोन ओ?"

"कंपनी."

"मंग मेला तो कोनाचा नवरा? कंपनीचा?"

मला किळस आली त्या कागदाची. अपील केलं. सुनावणीला साहेब चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "मावशी, तुम्हाला यातलं काय कळणार?"

"तुमी द्या तं खरं. नाय कललं तं चुलीत घालीन."

शेवटी गठ्ठा आला. निम्मी पानं काळी फासलेली. नवरा त्यात 'सहभागी क्रमांक सतरा'. औषधाचं नाव काळं, बाकीच्यांची नावं काळी. पण संमतीपत्रांवरच्या सह्या झाकायला ते महाभाग विसरले होते. बाईंनी ती संमतीपत्रं माझ्या ओटीवर ओळीने मांडली, कारखान्यात मूर्ती मांडतात तशी, आणि वाकून बघत राहिल्या.

"आमचा मानूस सही करताना मधी थांबून दम खायचा, भाऊ. ही एका दमात मारलीय." मग बोट एकेका कागदावरून फिरलं. "ही पन त्याच हाताची. ही पन. सगल्या एकाच हाताच्या."

शी! कुणीतरी खुर्चीत बसून, आरामात, ओळीने आजारी माणसांच्या सह्या ठोकल्या होत्या. आणि वर शिक्का: 'स्वेच्छेने'.

मूळ कागद दाखवा म्हणून दुसरं अपील टाकलं. बाई दर सोमवारी एसटीने येऊन विचारायच्या, "आलं का?" मी मान हलवली की म्हणायच्या, "येल. नाय देऊन जातात कुठं." माघात त्या तापाने गेल्या. सुनावणीला मी एकटाच गेलो, बाई गेल्याचं सांगितलं. आठवड्यात पत्र आलं: अर्जदार मयत, सबब प्रकरण निकाली.

ते वाक्य मी ओळखलं. नोकरीत मीच ते कितीदा लिहिलं होतं, जेवणाच्या सुट्टीआधी टेबल मोकळं करायला. एकदाही हात अडखळला नव्हता. त्या दिवशी मला घास गेला नाही.

कोरा कागद घेतला. तोच अर्ज पहिल्यापासून लिहिला, अर्जदार म्हणून माझं नाव घातलं. सही करताना मधेच थांबलो, दम घेतला आणि मग पुरी केली.