शिलाई विभागातली पुस्तकं

बुसानचा तो बुटांचा कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली. तरी कुठे रबराच्या सोल्यूशनचा वास आला, की मालसुनला शिलाई विभागातली जेवणाची सुट्टी आठवते. डबे उघडायच्या आधी बायका तिच्या पुस्तकांच्या कपाटाभोवती गोळा व्हायच्या.

कपाटाची किल्ली कारखान्यानं तिच्याकडे दिली होती. कुणाला काय रुचेल ते हेरायचं काम मात्र तिनं आपणहून अंगावर घेतलं. सासूच्या नावानं बोटं मोडणाऱ्या ग्योंगजाला ती घरातल्या भांडणांच्या कादंबऱ्या द्यायची. मशिनी दुरुस्त करणारे प्यो मास्तर म्हणायचे, "मी फक्त भरती-ओहोटीचं कोष्टक वाचतो." त्यांना तिनं एका कोळ्याची गोष्ट दिली. चार दिवसांनी ते कुरकुरत आले, "याला जाळं टाकता येत नाही. दुसरा भाग आहे का?"

शेजारच्या मशिनवरची जोमरे मात्र उमगेना. सोमवारी पुस्तक न्यायची, शनिवारी परत. "छान होतं, ताई. शेवट तर फारच गोड."

एका शनिवारी परत आलेलं पुस्तक मालसुननं चाळलं आणि ती चपापली. त्याची शेवटची पानं केव्हाच गळून गेली होती. जोमरे फळ्यावरच्या सूचना नेहमी दुसरीकडून का वाचून घेते, तेही तिला तेव्हा कळलं.

तिनं ते पुस्तक कपाटात ठेवून दिलं. सोमवारी म्हणाली, "आजपासून मी मोठ्यानं वाचणार. ऐकायचंय त्यांनी डबे घेऊन इकडे या गं."

जोमरे अगदी चिकटून बसली. आठवड्याभरानं तिनं मालसुनला खोक्यांच्या आड गाठलं.

"ताई, ते शेवट मी मनानंच सांगायचे."

"ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे शेवट बरे असायचे."

जोमरे हसता हसता रडली. मग दोघी रोज थोडा वेळ तिथंच बसू लागल्या. बुटांच्या खोक्यांवर खडूनं अक्षरं उमटायची, पुसली जायची. हिवाळा लागता लागता जोमरेनं एक आख्खं पुस्तक एकटीनं वाचून काढलं आणि मालसुनच्या मशिनवर आदळलं.

"काय रटाळ पुस्तक दिलंस गं! त्या बाईला नवऱ्याला सोडायला दोनशे पानं लागतात?"

मालसुन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग किल्ली घेऊन कपाटाकडे गेली. जोमरेची आवड तिला आता कुठे कळली होती.