पडद्यावर पास

हेलिकॉप्टरच्या इंजिनांवर अर्धं आयुष्य घालवलेल्या त्या तंत्रज्ञाला अख्खं लष्करी वर्कशॉप मामा म्हणायचं. माणूस मोठा थट्टेखोर. पण अलीकडे त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं दाटायला लागलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि मामांनी ही गोष्ट बायकोखेरीज कुणाच्या कानावर घातली नव्हती.

त्यातच नवी इंजिनं आली. त्यांचं प्रशिक्षण कॉम्प्युटरवर. पडद्यावर इंजिन फिरायचं, एक आवाज कृती सांगायचा, भागावर बोट ठेवलं की तो सुटून बाहेर यायचा. चुकलात की भोंगा वाजायचा. परीक्षाही त्याच्यावरच, आणि नापास झालेल्याची रवानगी थेट भांडारात.

पडदा नीट दिसत नाही म्हटल्यावर मामांनी कानांवर भिस्त ठेवली. कुठल्या सूचनेनंतर बोट कुठे न्यायचं, ते पाढ्यासारखं घोकलं. घरीही जेवताना बोटं चालूच.

"अहो, ते ताट आहे, इंजिन नाही," बायको म्हणायची.

मामा पास झाले. सगळ्यांनी पाठ थोपटली.

पुढच्याच आठवड्यात एका हेलिकॉप्टरचं खरं इंजिन समोर आलं. मामांनी इंधनाच्या नळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ठीक आहे." मागून जोडीदाराने बॅटरी मारली. "मामा! एवढी बोटभर चीर दिसली नाही तुम्हाला?"

"तुझी परीक्षा घेत होतो रे!"

सगळे हसले. मामा मात्र मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. त्या हेलिकॉप्टरची वैमानिक, लेकीच्या वयाची पोर, मघाशीच सांगून गेली होती, "मामा, लवकर आटपा हं, मला उडायचंय."

तसेच ओल्या तोंडाने ते साहेबांपुढे उभे राहिले.

"साहेब, मला दिसत नाही."

"मग चष्मा बदला."

"चष्म्याच्या पलीकडे गेलंय. परीक्षा मी घोकून दिली. आज ती पोर माझ्या हातून गेली असती."

साहेबांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आधी सांगायला हवं होतंत." संध्याकाळच्या आत मामांची पान्यांची पेटी जमा झाली.

घरी दारातच बायकोने चेहरा ओळखला. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग बरंच केलंत की."

"अगं, पण मला दुसरं येतं तरी काय?" मामा उंबऱ्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

तीही शेजारी टेकली.