शेणातला पिंपळखरे

शेणात राहणाऱ्या एका भुंग्याला माझं आडनाव आहे, आणि ते मी चोरलेलं आहे. स्वतःचंच आडनाव माणूस चोरणार कसं, असं कोणी विचारेल म्हणून इतकी वर्षं ही गोष्ट मी टाळली. आता सांगतो. या वयात मला कोणी मारणार नाही.

इंदूरची आमची कापडमिल बंद पडली तेव्हा मी तिथे माल-तपासणीत क्लार्क होतो. गेटला कुलूप लागलं आणि मी राजेंद्र नगरच्या घरी खुर्चीला लागलो. एकच पेपर सकाळी पुढून, दुपारी मागून वाचायचो. बायको, सुमती, माझ्यासकट खुर्ची सरकवून केर काढायची. अशात एक दिवस तिचे थोरले बंधू, भाऊसाहेब लेले, स्कूटर घेऊन दारात उभे राहिले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. किड्यांचा जबरदस्त नाद.

"जावईबापू, चला. मला मदतनीस हवाय."

"मला किड्यांतलं काही कळत नाही हो!"

"किड्यांना तरी तुमच्यातलं कुठे कळतं? बसा मागे."

(त्यांना मदतनीस वगैरे काही नको होता. मला खुर्चीतून उठवायचं होतं. हे कळायला मला फार वेळ लागला.)

मग आम्ही इंदूरबाहेर बेटमा गावाकडे जाऊ लागलो. भाऊसाहेब काडीने शेणाचे पो उलथायचे आणि मी बाटली धरून उभा! एकदा म्हशीचा मालक धावत आला.

"बाबूजी, गोबर में कुछ गिर गया क्या?"

"नहीं भिया, ढूँढ रहे हैं."

"अरे, गिरा नहीं तो ढूँढ क्या रहे हो?"

 आणि तोही काडी घेऊन बसला.

भाऊसाहेबांची आयुष्यात एकच इच्छा होती. नव्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात पुष्कळदा एखाद्या शास्त्रज्ञाचं, नाहीतर तो प्राणी शोधणाऱ्याचं आडनाव गुंफतात. तसं एखाद्या किड्यामागे 'लेले' लागावं!

"मग लावून टाका की," मी म्हटलं.

"छे! स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं. लग्नात स्वतःच स्वतःला आहेर केल्यासारखं दिसतं ते. दुसऱ्याने द्यावं लागतं."

आणि एका म्हशीने ती संधी दिली! मसुराच्या डाळीएवढा, पाठीवर दोन टेंगळं असलेला भुंगा. भाऊसाहेबांनी असा कधी पाहिला नव्हता. ते भिंगावरून डोळा काढेनात, म्हणून लेबल मी लिहिलं: गाव, तारीख, म्हशीचं शेण. खाली 'गोळा करणारा'. तिथे मी माझं नाव टाकलं. आमच्या मिलमध्ये कापडाच्या ठाणाला चिठ्ठी लावणाऱ्याने स्वतःचंच नाव लिहायचं असे. पुढे कापडात भोक निघालं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून! वीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला. कलकत्त्याच्या तज्ज्ञांना पाठवायचं पार्सलही मीच केलं आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही माझाच घातला.

इथपर्यंत चूक होती. घरच्यांनाही इथपर्यंतच माहीत आहे.

सहा महिन्यांनी कलकत्त्याच्या तज्ज्ञांचं पत्र आलं, माझ्या नावावर! जात नवी आहे, शोधणाऱ्याचं आडनाव द्यायचा विचार आहे, लेबलवरचं नाव बरोबर आहे ना, तेवढं कळवा. एका ओळीचं काम होतं. 'नाही, लेले लिहा.' पण मिल बंद झाल्यापासून मला 'श्री. पिंपळखरे' म्हणून कोणी पत्र लिहिलं नव्हतं. चार दिवस ते मी खिशात घेऊन हिंडलो. पाचव्या दिवशी उत्तर टाकलं: "नाव बरोबर आहे." (आणि खोटं काय होतं? स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं!)

छापून आलं तेव्हा ते जर्नल घेऊन भाऊसाहेब स्वतःच आले. एवढासा भुंगा आणि त्यामागे अख्खा 'पिंपळखरेई'! सुमतीने वाचलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"भाऊने जन्मभर शेण चिवडलं आणि नाव तुमचं?"

"अगं, लेबलवर... मिलची सवय..."

"शेणसुद्धा सोडलं नाहीत!"

"सुमे, गप," भाऊसाहेब म्हणाले. "सवय अशी सुटते का? चिठ्ठी मीच बघायला हवी होती."

"आपण त्यांना लिहू, बदला म्हणून," मी घाम पुसत म्हणालो.

"एकदा छापलं की बदलत नाही. नियम आहे. आता जगबुडीपर्यंत तुम्हीच!"

आणि मग या माणसाने कॉलनीत जिलबी वाटली. "आमच्या जावईबापूंच्या नावाचा भुंगा निघालाय," असं प्रत्येक दारात थांबून सांगितलं. पुढे एका दुकानात हिशेबनीस म्हणून त्यांनीच मला चिकटवलं. मालकाला काय सांगितलं? "शास्त्रात नाव आहे यांचं!" माझं घर पुन्हा उभं राहिलं ते या माणसामुळे. दर वेळी वाटायचं, आज पत्राचं सांगून टाकू. दर वेळी ते एवढे खूश दिसायचे की जीभ उचलायची नाही.

शेवटच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मात्र मी ठरवूनच गेलो. वहिनींनी गरम गराडूची, म्हणजे आमच्या इंदुरी तळलेल्या कंदाची, प्लेट पुढे ठेवली. ती संपवून मी घसा साफ केला.

"भाऊसाहेब, त्या नावाबद्दल एक बोलायचं होतं..."

त्यांनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "मला ठाऊक आहे, जावईबापू. किती वर्षं मनात सलतंय माझ्या. तुमच्या चांगल्या घराण्याचं नाव मी शेणात घातलं. मला माफ करा."

त्या क्षणी खरं बोलायला सिंहाचं काळीज लागलं असतं. माझ्याकडे भुंग्याचं होतं. "जाऊ द्या हो, भाऊसाहेब," मी म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका."

पंधरा दिवसांत ते गेले. मी माफी मागायला गेलो होतो, आणि त्यांनाच मोठ्या मनाने माफ करून, वर गराडूची दुसरी प्लेट खाऊन घरी आलो!