चिंध्यांची वही

नऊ जून. फी सहाशे रुपये. खोलीत तिघे: बुलढाण्याचे मानसोपचारतज्ज्ञ, माझी पत्नी सुनंदा आणि मी. सुनंदा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, "यांना एडीएचडी आहे. लहानपणापासूनच असणार."

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. त्यांनी सोपे करून सांगितले: लक्ष नसते असे नाही, ते हवे तिथे टिकवणे जड जाते. हा आळस नाही आणि बुद्धीही कमी नसते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आधीच तपासले होते, दोन्ही ठीक. शाळेतल्या दिवसांबद्दल तिच्या आईला फोनवर विचारून झाले होते.

सुनंदा रडली नाही. एवढेच म्हणाली, "म्हंजे मी मुद्दाम नोती करत."

ते मला लागले. बावीस वर्षे मी तिला वेंधळी म्हणत आलो होतो.

देऊळघाटला आमच्या घरी ती शिवणकाम करते. हात सफाईदार, पण एक ब्लाउज अर्धा ठेवून दुसरा हाती घ्यायची आणि पहिला विसरायची. एप्रिलमध्ये शेजारच्या शबानाभाभी मोठ्या मुलीच्या निकाहाचे चार सूट न्यायला आल्या, तर कापड दारामागच्या पिशवीत जसेच्या तसे. त्या ओरडल्या नाहीत. पिशवी उचलून म्हणाल्या, "ताई, निकाह परवा हाय. आता मी कोणाच्या दारात जाऊ?"

त्या दिवशी सुनंदाने मशीनवर चादर टाकली. "इकून टाका हे," म्हणाली. दीड महिना झाला तरी ती मशीनजवळ गेली नाही. आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते यामुळे.

डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि रोजची कामे हाताने लिहायला एक वही ठेवायला सांगितली. मी शाळेत लिपिक. त्याच संध्याकाळी दोनशे पानी वहीत पट्टीने नऊ रकाने आखून दिले. सुनंदाने पाच दिवस भरले. सहाव्या दिवशी वही हरवली आणि आठवड्याने गव्हाच्या कोठीवर सापडली.

पुढच्या तपासणीला दीड तास बाकावर बसलो. आत जाताच मी तक्रार केली. डॉक्टरांनी वही चाळून विचारले, "रकाने कोणी आखले?"

"मी."

"मग ही तुमची वही झाली. त्यांची त्यांना करू द्या."

परतताना सुनंदाने स्टँडजवळ साधी वही घेतली. मला म्हणाली, "हिच्यात हात घालू नोका. तुमच्या रकान्यात मले परीक्षेले बसल्यावानी वाटते."

घरी येऊन तिने मशीनवरची चादर काढली आणि वही दोरीने मशीनलाच बांधली. एका गिऱ्हाइकाला एक पान. वर त्याच्या कापडाची चिंधी टाचणीने लावलेली, कडेबाहेर डोकावणारी. खाली मोठ्या अक्षरात तारीख आणि फक्त पुढचे एक काम: 'बाही' किंवा 'हुक'. कपडा गेला की टाचणी काढून चिंधी उतरवायची. त्यामुळे वही न उघडताही बाकी काम दिसते. तिला मोजावे लागत नाही. मी सवयीने मोजतो.

सगळे सुधारले असे नाही. आठवड्यातून एकदा तरी दूध उतू जाते, गोळीची वेळ चुकते. तुमच्या घरी असे माणूस असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. वही जरूर आणून द्या, पण रकाने आखायची पट्टी कपाटातच राहू द्या.

डिसेंबरात शबानाभाभी पुन्हा आल्या. धाकटीचे लग्न होते, पुन्हा चार सूट. सुनंदाने त्यांच्यासमोर पान उघडले. भाभींनी कापडाची चिंधी स्वतः टाचली. "या वक्ताले इसरल्या तर हे टाचणी तुमालेच टोचीन," म्हणाल्या. सुनंदा हसली. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्यांदाच तिने एवढे मोठे काम घेतले होते.

सूट लग्नाच्या चार दिवस आधी तयार झाले. भाभींनी प्रत्येक शिवण उलटून पाहिली आणि वहीतली टाचणी आपल्या हाताने काढली. चार सुटांची शिलाई सोळाशे रुपये. दिले शबानाभाभींनी, घेतले सुनंदाने.