कोरं पान आणि झाकणाआतली खूण

भिंगकाकांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. चाळीस वर्षं डाव्या डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली, म्हणून हे नाव पडलं. "घड्याळ पडलं नाही हो, आपोआप बंद झालं," असं गिऱ्हाइकानं म्हटलं, की काका झाकण उघडून आतला ओरखडा दाखवत.

तीन आठवडे त्यांच्या टेबलावर एका निवृत्त नर्सबाईंचं घड्याळ पडून होतं. त्या घड्याळावर बाईंनी हयातभर नाड्या मोजल्या होत्या. आतला केसासारखा बारीक दांडा मोडला होता आणि कंपनी केव्हाच बंद पडली होती. महिनाअखेर जमलं नाही, तर बाई ते बाजारात देणार होत्या. तिथे आतलं सगळं उपसून टाकतात आणि सेलवर चालणारं तयार यंत्र बसवून देतात. ते काकांना मुळीच मान्य नव्हतं.

सुटे भाग शोधायचा त्यांचा जुन्या साइटवरचा गट एका सकाळी नाहीसा झाला होता. का, ते कुणी सांगितलं नाही. तेव्हा पुतणीनं त्यांना इंटरनेटवरच्या एका नव्या ठिकाणी आणलं.

"याचा मालक कोण?" काकांनी पहिलं हेच विचारलं.

एक मालक नाही, पुतणी म्हणाली. पुष्कळ छोटे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचे नियम वेगळे, सांभाळणारा वेगळा. तरी इथलं तिथे वाचता येतं, ईमेलसारखं. काकांचा सर्व्हर घड्याळवेड्यांचा होता आणि एक निवृत्त शिक्षिका तो सांभाळत होत्या.

"त्यांना आमचं खासगी बोलणं दिसतं?"

पुतणी घुटमळली. "ठरवलं तर दिसतं."

"बघ," काका म्हणाले आणि समाधानानं चहा प्यायले.

तरीही त्यांनी मोडक्या दांड्याचा फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी भलत्याच सर्व्हरवरून एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं: माझ्याकडे आहे, पैसे नकोत, पत्ता कळवा.

फुकट म्हटल्यावर काकांचे कान टवकारले. त्यांनी त्या माणसाचं पान उघडलं. पान कोरं, एक ओळ नाही. फुकट देणारा, वर पत्ता मागणारा, आणि मागचंपुढचं काही नाही! त्यांनी शिक्षिकाबाईंना तक्रार लिहिली, की हा भामटा आहे, त्याच्या अख्ख्या सर्व्हरशीच संबंध तोडून टाका.

बाईंचं उत्तर शांत होतं. तोडायला क्षण पुरतो. आधी त्यांचं पान त्यांच्या सर्व्हरवर जाऊन बघा. आपल्याकडून त्यांना अजून कुणी फॉलो केलेलं नाही, म्हणून त्यांचं जुनं लिखाण इथे पोचलेलंच नाही.

ही पण सामील दिसते, असं पुटपुटत काकांनी पुतणीला तिथलं पान उघडायला लावलं.

सात वर्षांचं काम होतं. शेकडो उघडी घड्याळं. काका चुका शोधत खाली खाली जात राहिले. स्क्रूच्या खाचासुद्धा स्वच्छ. मग एका फोटोपाशी त्यांचं बोट थांबलं. दुरुस्ती करणारा झाकणाच्या आत सुईनं आपली खूण कोरतो. ती फक्त पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला दिसते. फोटोत तशीच एक खूण होती: तीन ठिपके आणि एक तिरकी रेघ. खाली लिहिलं होतं, "हा कोण, माहीत नाही. तेल बेतानं घालतो."

काकांनी भिंग लावलं आणि नाक स्क्रीनला टेकेपर्यंत वाकले.

"काका, मोठं करता येतं ते," पुतणी म्हणाली.

"माझीच आहे," ते म्हणाले. बराच वेळ सरळ झाले नाहीत.

पत्ता कळवला, पण दुकानाचा, घराचा नाही. दांडा आला, तो तीनदा मोजून बसवला. नर्सबाईंनी काउंटरशी उभं राहून स्वतःची नाडी मिनिटभर मोजली आणि मान डोलावली.

झाकण लावण्याआधीच काकांनी आत तीन ठिपके आणि रेघ कोरली होती. शेजारी त्या अनोळखी माणसाची खूणही त्यांनीच कोरली होती. अर्थात ती नक्की कशी असते, याचा फोटो त्यांनी आधी त्याच्याकडून मागवून घेतला होता.