चावडीवरचा आकडा

कंपनीतल्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याला एप्रिलमध्ये जेवायला मीच बोलावलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय. पंचवीस एप्रिल हा त्यांच्या सैनिकांचा स्मरणदिन. इथे जर्मनीत, नेकारसुल्ममध्ये, त्याचं कोणी नाही, अशा दिवशी माणसाने एकटं बसू नये, असं बायको म्हणाली.

तो ओटची बिस्किटं घेऊन आला आणि श्रीखंड-पुरी खाता खाता पहिल्या महायुद्धातल्या, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या गॅलिपोलीच्या लढाईची गोष्ट सांगत बसला. सक्ती कोणी केली नव्हती, पोरं आपणहून भरती झाली. लढाई हरली. "पण गेली तेव्हा इंग्रजांची पोरं होती, परतली ती ऑस्ट्रेलियन होऊन," तो म्हणाला. त्याच्या पणजोबांचा भाऊ तिथेच मारला गेला. गावच्या स्मारकापाशी दरवर्षी पहाटे त्याचं नाव वाचतात. आमचीही माणसं होती की तिथे, असं मी म्हटलं, तर सभ्यपणे म्हणाला, "हो, खेचरं सांभाळायला." मी त्याला आणखी एक पुरी वाढली.

माझी अठरा वर्षांची मुलगी फोन बाजूला ठेवून ऐकत होती. जन्म इथला, पासपोर्ट इथला, तरी "मूळची कुठली?" हा प्रश्न तिला बेकरीतसुद्धा चुकत नाही. जूनमध्ये तिने जाहीर केलं, जर्मन सैन्यात भरती होणार, आपणहून. मग म्हणे कोणी विचारणार नाही.

मी भडकलो. सध्या रोजच्या बातम्यांत युद्ध आहे आणि ही निघाली जर्मन व्हायला! तिला म्हटलं, माझे पणजोबाही आपणहूनच गेले होते, साताऱ्याकडून, साहेबाच्या पलटणीत. त्याच महायुद्धात मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, परत आले नाहीत. साहेबाने गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगड बसवला. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच त्यावर आहे. नाव एकाचंही नाही. लहानपणी मी त्या दगडाला सायकल टेकवून ठेवायचो. "त्यांच्या मरणाने कुठला देश घडला, सांग. आकडा झाला त्यांचा. तुझाही तोच होईल."

मुलगी घरात जर्मनच बोलते. मराठीत बोल म्हणून मी इतकी वर्षं तिच्या मागे लागलो, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवशी मात्र ती शांतपणे, स्वच्छ मराठीत बोलली.

"तेच तर, बाबा. इथे निदान नाव तरी लिहितील."